हनुवटीखालचा हात

नवा कॅमेरा हातात घेतला, तर तुम्ही आधी काय बघाल?

शामुवेलकाकांनी निशिकांतला हेच विचारलं. गुरुवारची सकाळ होती. बंद पडलेल्या स्टुडिओच्या मागच्या ओट्यावर दोघे बसले होते.

"आधी सांधे बघतो," निशिकांत म्हणाला.

"मग?"

"मग बटणं. मग पकड. मग वजन."

"दाखव."

निशिकांतने खिशातून कॅमेरा काढला. छोटासा, काळा, सगळा धातूचा. खिशात मावणारा.

शामुवेल भिंगारदिवे चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तालुक्याच्या गावात त्यांचा स्टुडिओ चाळीस वर्षं चालला. त्यातली एकतीस वर्षं ते आणखी एक काम करत आले. नदीत, कालव्यात, रस्त्याकडेला कुणी मेलेलं सापडलं आणि त्याचं नावगाव कळलं नाही, तर पोलीस त्यांना बोलावून नेत. काका त्या माणसाचा फोटो काढत. तो ठाण्याठाण्यांत जाई. कुणीतरी ओळखावं आणि घरी न्यावं, एवढ्यासाठी.

निशिकांत गाडेकर त्यांच्याच हाताखाली फोटो काढायला शिकला होता. आता तो पुण्यात कॅमेऱ्याच्या एका मोठ्या दुकानात होता. बाजारात नवा कॅमेरा आला की तो हातात घेऊन, उलटसुलट करून, बांधणीला कसा आहे, हाताळायला कसा आहे, ते व्हिडिओत सांगायचा. चौदा हजार लोक ते बघत. हा आकडा तो बोलताना एकदा तरी सांगेच.

तीन महिन्यांपासून काकांचा उजवा हात थरथरत होता. चहाची बशी हातात राहत नव्हती. म्हणून मंगळवारी, सुट्टीवर घरी आलेल्या निशिकांतला त्यांनी आपल्या जागी पाठवलं होतं.

कालव्याच्या लोखंडी जाळीला एक तरुण अडकलेला सापडला होता. अंगावर फक्त अर्धी चड्डी. गोंदण नाही. गळ्यात ताईत नाही. शर्टच नव्हता, त्यामुळे कॉलरवर शिंप्याचा शिक्काही नाही. ओळखायला चेहरा तेवढा होता.

त्या चेहऱ्याचे फोटो निशिकांतने या काळ्या कॅमेऱ्याने काढले होते.

"हे सांधे बघा," तो सांगू लागला. "नख घालून बघा. शिरतंय का? नाही. वरचा पत्रा आणि खालचा पत्रा असा बसवलाय की एकच वाटावा."

काकांनी नख लावून पाहिलं. नख शिरलं नाही.

"हे बॅटरीचं दार. स्वस्तातल्या कॅमेऱ्यात आधी हेच जातं. हलवून बघा. खुळखुळत नाही. आता लावतो... ऐका."

टक्.

"चांगला आवाज आहे," काका म्हणाले.

"आवाजावरून कळतं काका. हे बटण. अर्धं दाबलं की थांबतं, पूर्ण दाबलं की फोटो. दोन्ही टप्पे बोटाला वेगवेगळे कळतात."

"बोट ओलं असलं तर?"

"ओलं कशाला असेल?"

काकांनी कॅमेऱ्याच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवलं.

"आणि ही लेन्सभोवतीची कडी. हिने चेहरा जवळ आणायचा. उजव्या हाताने धरायचं, डाव्याने कडी फिरवायची. दोन्ही हात गुंतले की कॅमेरा हलत नाही."

"दोन्ही हात गुंतले की..." काका हळूच म्हणाले.

"वजन दोनशे ऐंशी ग्रॅम. लोकांना वाटतं हलका असावा. मी सांगतो, थोडा जड हवा. हाताला विश्वास वाटतो."

"कुणाच्या हाताला?"

निशिकांत हसला. त्याला वाटलं, काका थट्टा करताहेत.

"काका, तुमचा तो डबा आता सोडा की. चांदीसारखा रंग होता, तोही उडाला. दार रबर बांधून ठेवता. पुढे सायकलच्या ट्यूबचा तुकडा काय, बटणावर खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीचा ठिपका काय... मी हा व्हिडिओत दाखवला तर लोक मला दुकानातून हाकलतील."

"हो. हाकलतील."

"मग हा घ्या. मी माझा ठेवून जातो."

काकांनी काळा कॅमेरा डाव्या हातात घेतला. उजवा मांडीवर होता, तो आपला आपण हलत होता. त्यांनी अंगठ्याने बटण दाबलं.

कॅमेरा गायला. दोन-तीन गोड सूर, देवघरातल्या छोट्या घंटीसारखे. मग पडदा उजळला.

काकांनी चमकून वर बघितलं.

"हा आवाज मंगळवारीही झाला?"

"चालू केला की होतो. बंद करता येतो. राहून गेलं."

"आणि काल?"

"काल... हो, कालही झाला असेल."

काल, म्हणजे बुधवारी, घाटाखालच्या एका वाडीतून लहानू मेंगाळ नावाचा माणूस आला होता. त्याचा मुलगा एकनाथ रविवारी मासे धरायला म्हणून गेला, तो परतला नव्हता. दवाखान्याच्या आवारातल्या पोलीस चौकीत निशिकांतने त्याला याच पडद्यावर फोटो दाखवले होते.

"कसं झालं ते सांग," काका म्हणाले.

"काय कसं? त्याला दाखवलं. तो नाही म्हणाला. गेला."

"सगळं सांग."

निशिकांतने सुस्कारा टाकला.

"तो उभाच होता. हातात टोपी. मी कॅमेरा चालू केला. फोटो दाखवला. तो बघत राहिला. मी म्हटलं, मोठा करून दाखवतो. कपाळावरची जखम मोठी केली. इतकी स्वच्छ आलीय काका, कातडीचा धागा न् धागा दिसतो. मग डोळा दाखवला. मग तो म्हणाला, न्हाई, ह्यो माझा न्हाई."

"तेव्हा तो कुठे बघत होता?"

"पडद्याकडे."

"आणि तू?"

"मीही... पडद्याकडेच."

ओट्याखाली एक कोंबडी माती उकरत होती. काका तिच्याकडे बघत राहिले.

"शवागारात नेऊन दाखवला नाही?"

"हवालदार शेटेबाई नेत होत्या. मीच म्हटलं, एवढा स्वच्छ फोटो असताना आत जायची गरज काय. बिचाऱ्याला तो वास, ती खोली... मला वाटलं, बरंच केलं मी."

"मग?"

"मग त्याने कागदावर अंगठा दिला. बाराच्या एसटीने गेला. जाताना माझ्या पाया पडत होता. त्याचा नव्हता ना, म्हणून खूश होता."

"खूश होता?"

"...रडत होता. पण ते सुटल्यासारखं."

काकांनी पडद्यावरचा फोटो बघितला. बराच वेळ बघितला. निशिकांतला वाटलं, आता शाबासकी मिळेल. फोटोत खरोखर कुठे खोट नव्हती. उजेड सारखा पडला होता. जबडा उघडा होता, जीभ थोडी दिसत होती. मान डावीकडे कलली होती. ओले केस कपाळावरून मागे चिकटले होते. आणि सगळं लख्ख.

"हा कोण आहे?" काकांनी विचारलं.

"तेच तर माहीत नाही ना."

"तसं नाही. या फोटोत कोण आहे?"

"...प्रेत आहे."

"हां." काकांनी कॅमेरा बंद केला. "प्रेत कुणाच्याच घरून मासे धरायला गेलेलं नसतं."

निशिकांतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे तो त्याचाच होता म्हणता? तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत नाही."

"मग?"

"त्या लहानूलाही माहीत नाही. आता घरी जाऊन तो काय करत असेल?"

"काय करणार. वाट बघत असेल."

"किती दिवस बघेल?"

निशिकांतने काकांच्या हातातला कॅमेरा घेऊन खिशात घातला.

"आणि इकडे उद्या अकरा वाजता नगरपालिकेची गाडी येईल. बेवारस म्हणून पुरून टाकतील. मग वाट बघणं कायमचं."

"मग त्याला परत बोलावू या. पोलीस पाटलाला फोन करू."

"काय सांगशील? काल नाही म्हणालास, आज हो म्हणायला ये?" काका उठले. उठताना खांबाला धरलं. "आत पत्र्याचा डबा आहे, तो घे. चल."

* * *

डबा बिस्किटांचा होता. आत अंगाचा साबण, एक धुतलेला पंचा, कापूस, एक कंगवा आणि काकांचा जुना कॅमेरा. कॅमेऱ्याला मनगटात अडकवायला बुटाची नाडी बांधलेली होती.

शवागार दवाखान्याच्या मागे, निलगिरीच्या झाडांखाली होतं. हवालदार शेटेबाई किल्ली घेऊन आल्या.

"आता परत कशाला काका? फोटो झालेत की. काय क्लिअर आलेत! जखम न् जखम दिसते."

"म्हणूनच आलो बाई."

"साहेब विचारतील मला."

"सांगा, म्हाताऱ्याचं समाधान झालं नाही."

"तुमचं कधी झालंय समाधान?" असं म्हणून बाईंनी कुलूप काढलं. पण त्यांनी पायातले बूट बाहेर काढले. काका आले की त्या तसं करत. एकट्या आल्या की करत नसत.

मुलाला बाहेर काढून दगडी ओट्यावर ठेवलं होतं. विशीचा असेल. सोमवारी सापडल्यापासून तो असाच होता.

काका त्याच्या उशाशी उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, गरम पाणी मिळेल?"

"ह्याला गरम पाणी?"

"केसांना गाळ आहे. गार पाण्याने निघत नाही."

शेटेबाई वॉर्डातून बादली घेऊन आल्या. पाण्याला वाफ होती. काकांनी पंचा भिजवायला हात घातला, पण पिळता येईना. पंचा बादलीतच पडला.

"निशी..."

निशिकांतने पंचा उचलला. दोन्ही हातांत रबरी मोजे होते.

"कपाळ आधी. जखमेवर घासू नकोस, टिपून घे. कानामागे बघ, तिथे गाळ राहतो."

निशिकांतने टिपलं. पाणी काळं झालं. दुसऱ्यांदा टिपलं. तिसऱ्यांदा पाणी पाण्यासारखं राहिलं.

"आता केस."

"भांग कुठे पाडू?"

"भोवरा बघ."

"काय?"

"डोक्यावरचा भोवरा. मागे असेल, जरा उजवीकडे. सापडला? तिथून पुढे सोडत ये. केस स्वतःच पडतात जिकडे पडायचे तिकडे."

निशिकांतने कंगवा फिरवला. केस डावीकडे पडले. कपाळाच्या जखमेवर आले आणि ती निम्मी झाकली गेली.

शेटेबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगंबाई... पोरगं आहे की हे."



"आता तोंड," काका म्हणाले. "हनुवटी हाताने वर धर. मान सरळ कर. आणि फोटो घे."

निशिकांतने डावा हात हनुवटीखाली घातला. डोकं उचलायला गेला आणि थबकला.

"जड आहे..."

"हो."

"एवढं जड असतं?"



निशिकांतने उजव्या हाताने काळा कॅमेरा वर घेतला. पण चेहरा जवळ आणायला कडी फिरवायची, ती डाव्या हाताने. डावा हात हनुवटीखाली. त्याने बोट लांबवून बघितलं, पोचेना. मग एका हातातच कॅमेरा फिरवून बघितला. मोजा ओला, कॅमेरा गुळगुळीत...

कॅमेरा निसटला. आधी ओट्याच्या कडेवर, मग फरशीवर. ठण्णकन आवाज झाला.

आणि पडताना बटण दाबलं जाऊन तो गायला. तेच दोन-तीन गोड सूर. बंद खोलीत ते फार मोठे वाटले.

शेटेबाईंनी तोंड फिरवलं.

निशिकांतने घाईघाईने कॅमेरा उचलला. उलटसुलट केला. दार लावलं, उघडलं, लावलं. टक्.

"काही झालं नाही," तो म्हणाला. आवाजात सुटकाही होती आणि थोडा अभिमानही. "एवढ्या उंचीवरून पडला. ओरखडासुद्धा नाही. बघा."

"त्याला नाही झालं," काका म्हणाले.

निशिकांतने खाली बघितलं. कॅमेरा धरायला त्याने डावा हात काढून घेतला होता. मुलाचं डोकं पुन्हा डावीकडे कललं होतं. तोंड उघडलं होतं. केस विस्कटले होते.

त्याने कॅमेरा खिडकीत ठेवून दिला. बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मग वळला आणि कंगवा उचलला.

या वेळी काकांना काही सांगावं लागलं नाही.

केस झाल्यावर काकांनी डब्यातला जुना कॅमेरा त्याच्यापुढे धरला. थरथरत्या हाताने धरला होता, त्यामुळे तो कॅमेराच हलतोय असं वाटत होतं. निशिकांतने बुटाची नाडी मनगटात अडकवली. बोटं आपोआप ट्यूबच्या तुकड्यावर गेली. मोजा ओला होता, तरी घसरला नाही. तर्जनी वर फिरली आणि लांबीच्या ठिपक्यावर थांबली. बघावं लागलं नाही.

"हा गात नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"कडी?"

"नाही. जवळून हवं तर आपण जवळ जायचं."

निशिकांत वाकला.

"थांब. डाव्या हातातला मोजा काढ."

"काका..."

"नंतर साबण लाव. जखमेला लागू देऊ नकोस. हनुवटीला काही नाही."

निशिकांतने शेटेबाईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. त्याने दातांनी मोजा ओढायचा विचार केला, मग तसं केलं नाही. कॅमेरा छातीशी धरून, बोटांनी सोडवत सोडवत मोजा काढला. उघडा हात हनुवटीखाली ठेवला आणि दचकून मागे घेतला. मग पुन्हा ठेवला.

"फार गार आहे."

"हो."

"घेऊ फोटो?"

"थांब."

"कशाला?"

"कोमट होऊ दे."

निशिकांतने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. काका खरंच तसं म्हणाले होते.

"हे... कोमट कसं होईल?"

काका भिंतीला टेकून उभे राहिले.

निशिकांत हात तसाच धरून राहिला. आधी त्याचा हात गार झाला. मग बधिर झाला. मनगट दुखू लागलं. बाहेर निलगिरीची पानं पत्र्यावर पडत होती. वॉर्डातून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता. त्याने एकदा हात बदलावा म्हणून बघितलं, मग लक्षात आलं की बदलायला हात नाही.

असा किती वेळ गेला, ते शेटेबाईंनीही नंतर नेमकं सांगितलं नाही. पाच मिनिटं म्हणाल्या. कधी दहा म्हणाल्या.

त्या वेळात निशिकांत बघत होता. बघायला दुसरं काही नव्हतं. ओठावर नुकती फुटलेली मिशी होती. डाव्या भुवईत एक खूण होती, जुनी, लहानपणी पडून झाली असावी. आदल्या फोटोतही ती होतीच. कालव्याच्या जखमेशेजारी ती त्याला दिसली नव्हती.

मग तो हळूच म्हणाला, "काका..."

"हां."

"माझा हात जिथे आहे ना... तिथे आता गार लागत नाही."

"घे," काका म्हणाले.

त्याने ठिपका दाबला. एकदाच. आवाज झाला नाही.

* * *

चौकीत शेटेबाईंनी फोटो आपल्या फोनवर घेतला.

फोटो फार लख्ख नव्हता. कडेला थोडा अंधार होता. तोंड मिटलेलं, केस एका बाजूला, मान सरळ. जखम होती, पण आधी भुवईतली खूण दिसत होती. आणि खालच्या बाजूला, हनुवटीखाली, चार बोटं आली होती.

"बोटं आली माझी," निशिकांत म्हणाला. "द्या इकडे बाई, कापून टाकतो. एक मिनिटाचं काम आहे."

"राहू दे," काका म्हणाले.

"पण काका, पोलिसांच्या फोटोत बोटं..."

"राहू दे."

शेटेबाईंनी दोघांकडे बघितलं. मग फोटो तसाच पाठवला. आसपासच्या ठाण्यांना, आणि घाटाखालच्या वाड्यांच्या पोलीस पाटलांनाही. लहानू मेंगाळच्या वाडीच्या पाटलाला त्यांनी वेगळं काही लिहिलं नाही. सगळ्यांना लिहिलं तेच लिहिलं. कालव्यात सापडलेला तरुण, वय सुमारे वीस, शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत ओळख पटवावी.

"पोचला का ते कळेल?" निशिकांतने विचारलं.

"तिकडे रेंज असली तर," बाई म्हणाल्या. "नसली तर पाटील बाजाराला वर येईल तेव्हा. बाजार शनिवारी असतो."

"शनिवारी..."

"आपल्या हातात असतं तेवढं केलं बाबा."

दवाखान्याच्या मागे एक नळ होता. निशिकांत तिथे हात धुवायला गेला. काका डबा काखेत धरून मागून आले. त्याने साबण लावला. बोटांच्या बेचक्यात लावला, नखांत लावला. धुतला. पुन्हा लावला. मग थांबला आणि ओला हात तसाच समोर धरून उभा राहिला.

"काका, अशी एकतीस वर्षं... किती जणांना नेलं घरच्यांनी?"

"निम्म्यांना. निम्म्यांनाही नसेल."

"बाकीचे?"

काकांनी गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे बघितलं. तिथे बेवारशांना पुरत.

"त्यांचीही हनुवटी धरली?"

"धरायच्या आधी कसं कळणार, कुणाला न्यायला येणार आहेत ते?"

निशिकांतने नळ बंद केला. खिशात काळा कॅमेरा होता, तो मांडीला लागत होता. त्याने तो काढला नाही.

"मंगळवारी मी चूक केली," तो म्हणाला.

"हो."

"बुधवारी त्याहून मोठी केली."

"हो."

काकांनी खोटं समाधान केलं नाही. निशिकांतला वाटलं होतं, करतील. त्याचे डोळे भरून आले.

"उद्या अकरापर्यंत कुणी आलं नाही तर?"

"तर आपण दोघे जाऊ. गाडीच्या मागे चालत."

पंचा ओला होता. काकांनी खिशातला रुमाल काढून पुढे केला. निशिकांतने हात पुसले. एक एक बोट पुसलं.

"काका... कॅमेरा हातात घेतला की मी सांधे बघतो. बटणं बघतो. पकड, वजन. चौदा हजार लोकांना तेच सांगतो." त्याने आपला डावा तळहात बघितला. "मग आधी काय बघायचं?"

शामुवेलकाकांनी रुमाल परत घेतला. घडी घालायचा प्रयत्न केला. घडी जमेना. तो तसाच खिशात कोंबला.

"दुसरा हात," ते म्हणाले.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला लहानू मेंगाळ दवाखान्यात आला. रात्रभर घाट चढून, पायी. बरोबर त्याची बायको होती. पोलीस पाटलाचा फोन तिने दोन्ही हातांत धरला होता. तिने फोटोवर बोट ठेवलं, मुलाच्या चेहऱ्यावर नाही, खालच्या चार बोटांवर, आणि विचारलं, हात कुणाचा? निशिकांतने आपला डावा हात पुढे केला. तिने तो धरला आणि त्याला घेऊनच आत गेली. अकरा वाजता नगरपालिकेची गाडी आली आणि रिकामी परत गेली.